कार्डावरची डोई

रोज सकाळी सून सासऱ्यांपुढे चहाचा कप ठेवायची आणि म्हणायची, "घ्या अण्णा. बिनसाखरेचा."

हे सांगायची काही गरज नव्हती. डॉक्टरांनी अण्णांची साखर बंद केली त्याला वर्ष होत आलं होतं, आणि आपल्या कपात काय नसतं हे त्यांच्या जिभेला पुरतं कळलं होतं. पण तो एक शब्द तोंडातून गेल्याशिवाय सुनेचा दिवस उजाडत नसे. देवापुढे दिवा लावावा तितक्या नेमानं ती तो सासऱ्यांपुढे ठेवायची.

"अर्धा चमचा," अण्णा म्हणायचे. मग खाली उतरायचे. "पाव. बरं, नुसता चमचा बुडवून काढ."

"नियम म्हणजे नियम, अण्णा."

यावर अण्णा कप उचलत, कारण हे वाक्य मूळचं त्यांचंच होतं.

शेजारीपाजारी मात्र सुनेचं कौतुक करता थकत नसत. खालच्या मजल्यावर राहणारी शिंपीण म्हणायची, "काय जपते हो म्हाताऱ्याला! पोटची लेक करणार नाही असं करते." सून मान खाली घालून हसायची. लोकांना वाटायचं, लाजली. लाजली कसली! आतून तिच्या मनात लाडू फुटत असत. आपल्याला उपाशी ठेवून हा माणूस एकेकाळी शाबासकी मिळवून गेला होता. आता त्याला उपाशी ठेवल्याबद्दल शाबासकी आपल्याला मिळते आहे, याहून गोड काय असतं? सूड ही चीजच अशी आहे. ती उकळत ठेवली तर सांडते, पण सेवेच्या वाटीत वाढली तर लोक वरून आशीर्वाद देतात.

आता हा सूड कशाचा, ते सांगायला हवं.

तीस वर्षांमागे देशात साखरेची टंचाई आली होती. अण्णा तेव्हा देशाच्या पुरवठा खात्याचे मोठे अधिकारी. साखर मिळायची ती रेशनच्या कार्डावर, कार्डावर जितकी नावं तितक्या डोयांची. गावात त्यांना काटेसाहेब म्हणत. गोदामातल्या वजनकाट्यासारखा माणूस, इकडे झुकणार नाही की तिकडे झुकणार नाही. घरीही तोच कारभार. स्वयंपाकघरातल्या फळीवर ओळीनं काचेच्या बरण्या, प्रत्येकीवर चिकटवलेली पट्टी: मी, सौ., चिरंजीव, कन्या. महिन्याची साखर आली की अण्णा स्वतः चमच्यानं समान करून बरण्या भरायचे आणि आपापल्या बरणीत आपापला चमचा.

त्याच साली ही सून म्हणून घरात आली. माहेरच्या कार्डावरून तिचं नाव कमी झालं, कारण ती लग्न होऊन गेली होती. सासरच्या कार्डावर ते चढायचं होतं. आणि चढवणार कोण? अण्णांचंच खातं.

"माझ्या घरचा अर्ज सगळ्यांच्या शेवटी," अण्णांनी जाहीर केलं. "उद्या लोक म्हणतील, साहेबांनी आधी आपलीच पोळी भाजून घेतली."

सगळ्यांच्या शेवटी म्हणजे कधी? रांगेच्या शेपटाला रोज नवी माणसं लागत होती, आणि साहेबांच्या घरचा अर्ज प्रत्येक नव्या माणसामागे उभा राहत होता. टंचाई संपेपर्यंत तो पुढे सरकला नाही. फळीवर पाचवी बरणी कधी आलीच नाही. नवरा भला माणूस. तो म्हणाला, "माझ्यातली घे ना." पण अण्णा बरणीला बाहेरून दोरा बांधून साखर कुठवर आहे त्याची खूण करायचे, आणि दोऱ्याखालची साखर चोरून खाण्यापेक्षा न खाल्लेली बरी, असा सुनेचा बाणा. तिनं चहातली साखर सोडली ती सोडलीच.

इथवर तिनं गिळलं असतं. बायका काय काय गिळतात! पण एक दिवस तिची आई आली. बसचा लांबचा प्रवास करून, पायांवर सूज घेऊन. सून चहा टाकायला उठली आणि फळीपुढे थबकली. बाहेर येऊन हळूच म्हणाली, "अण्णा, आईपुरता एक चमचा..."

अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतलासुद्धा नाही. "पाहुण्यांनी आपापली साखर घरून आणावी, असं परिपत्रक मीच काढलंय सूनबाई. आता मीच मोडू?"

आईनं सगळं ऐकलं. बिनसाखरेचा चहा पुढे आला तेव्हा तिनं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गोड आहे हो. तुझ्या हातचा गोडच लागतो."

ती पुन्हा त्या घरी आली नाही. टंचाई संपायच्या आधीच ती देवाघरी गेली. आपल्या आईला एक कप गोड चहा पाजता आला नाही, हे त्या लेकीच्या काळजात जे रुतलं ते रुतलं. काटेसाहेबांचा काटा तो हाच.

आणि अण्णांना काय मिळालं? वर्तमानपत्रात फोटो! 'सूनही रांगेत: एका प्रामाणिक अधिकाऱ्याची गोष्ट.' पुढची सगळी वर्षं, घरी कुणीही आलं की ते ही गोष्ट सांगायचे. सांगताना सुनेला हाक मारून समोर उभी करायचे. "ही पाहा. हीच ती. हिचंसुद्धा नाव मी चढवू दिलं नाही!" पाहुणे वा वा म्हणायचे. सून रिकामे कप उचलून आत जायची.

म्हणून डॉक्टरांनी अण्णांची साखर बंद केली त्या दिवशी तिनं माळ्यावरून एक जुनी बरणी शोधून काढली. 'मी' अशी पट्टी अजून तिला चिकटून होती. ती तिनं धुऊनपुसून, रिकामीच, अण्णांच्या खुर्चीसमोरच्या फळीवर ठेवली.

"ही कशाला?" अण्णांनी विचारलं.

"तुमची आहे ना? असू दे डोळ्यांपुढे."

अण्णांनी बरेच डाव टाकून पाहिले. एकदा काठी टेकत टेकत खाली शिंपिणीकडे गेले आणि मोठ्या प्रेमानं तिच्या मशीनची चौकशी करत बसले. शिंपिणीनं चहा दिला. घोट घेऊन त्यांचा चेहरा उतरला. "अहो, साखर विसरलात!"

"विसरले नाही हो. सूनबाई सांगून गेल्यात, पाहुण्यांनी आपापली साखर घरून आणावी म्हणून. मला तर काही कळलं नाही, पण म्हणाल्या, अण्णांना बरोब्बर कळेल."

अण्णा वर आले ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सुनेनं त्या दिवशी भाजीला फोडणी देताना गाणं गुणगुणलं.

पण खरं सांगायचं तर तिची भूक भागत नव्हती. चहा कडू करता येतो. ती गोष्ट कडू कशी करणार? अजूनही कुणी आलं की अण्णा ताठ बसायचे आणि "ही पाहा, हीच ती" सुरू व्हायचं. ती गोष्ट त्यांच्या तोंडून काढून घेता आली पाहिजे, त्यांची त्यांनाच गिळावी लागली पाहिजे. तिला तेवढंच हवं होतं आणि ते कसं मिळवावं हे काही सुचत नव्हतं.

साखरेचं खाणार त्याला देव देणार, म्हणतात. इथे साखर सोडलेलीला देवानं दिलं.

सून नोकरी करायची ती आकडेवारीच्या कचेरीत. देशात दर वर्षी किती धान्य, किती तेल, किती साखर माणशी वाट्याला आली, याचे तक्ते तिच्या विभागात तयार होत. काम सोपं वाटतं. देशात बनलेली साखर घ्या, बाहेरून आणलेली मिळवा, बाहेर पाठवलेली वजा करा, गोदामात पडून राहिलेली वजा करा आणि उरलेल्याला माणसांनी भागा. आला दरडोई पुरवठा. त्यात सांडलेली, भिजलेली, मुंग्यांनी नेलेली साखरसुद्धा माणसांच्याच नावावर पडते. "मुंग्यांची डोई कुणी धरत नाही," असा तिच्या विभागातला जुना विनोद होता.

या खेपेला कचेरीतल्या साहेबांनी तिला पन्नास वर्षांच्या साखरेची एकच रेघ काढायला सांगितली होती. रेघ चढत चढत आली होती, टंचाईच्या साली तिला खड्डा पडला होता, मग पुन्हा चढली, आणि अलीकडच्या काळात लोक जरा गोडाला भ्यायला लागले तशी सपाट होऊन किंचित उतरत होती. खड्ड्याच्या तळाशी आकडा होता आठ. माणशी वर्षाला आठ किलो. ते साल तिच्या लग्नाचं. आपण सगळ्यांत खाली होतो ते साल आणि देश सगळ्यांत खाली होता ते साल एकच आहे, हे पाहून तिला उगाच हसू आलं होतं.

"तुमचे सासरेच होते ना तेव्हा पुरवठ्याला?" साहेब म्हणाले. "त्यांच्या चार आठवणी घेऊ या. रेघेखाली छापू."

रविवारी दुपारी साहेब घरी आले. गोलमटोल, हसरा, गोडखाऊ माणूस. त्यांच्या चहात तिनं दोन चमचे घातले, आणि अण्णांपुढे कप ठेवताना पाहुण्यांसमोरही म्हणाली, "घ्या अण्णा. बिनसाखरेचा."

अण्णा आज त्याकडे लक्ष द्यायच्या मनःस्थितीत नव्हते. इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. "लिहून घ्या," ते साहेबांना म्हणाले. "आजूबाजूच्या सगळ्या देशांत हाहाकार होता, पण आठ किलोंच्या खाली मी कुणालाही जाऊ दिलं नाही. कुणालाही! आणि माझी स्वतःची सून... सूनबाई, ये इकडे. ही पाहा. हीच ती. हिचं नावसुद्धा मी..."

"वा!" साहेब म्हणाले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा सून कप उचलून आत गेली नाही. पदराला हात पुसत तिथेच उभी राहिली. "अण्णा, एक विचारू? कुणालाच आठाच्या खाली जाऊ दिलं नाहीत, मग माझे आठ किलो कुठं गेले?"

अण्णा मोकळेपणानं हसले. जाणत्यानं अजाण पोराला हसावं तसं. "तुझे कसले? तुझी डोई होती कुठं! अगं, दरडोई म्हणजे कार्डावरची डोई. गोदामातून निघालेली साखर, भागिले कार्डांवरची नावं. आले आठ. ज्याचं कार्डावर नाव नाही त्याला खातं कसं धरणार?"

"म्हणजे कचेरीला आठ हा आकडा तुम्हीच कळवलात?"

"मीच! तयार करून, माझ्या सहीनं. त्या धामधुमीत तुमच्या लोकांना भागाकार करायला वेळ कुठला?"

साहेब बशीतलं बिस्किट निवडण्यात गुंतले होते. सुनेच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. बाकी सगळ्या वर्षांचा भागाकार कचेरीनं केला होता, आणि कचेरी भागते ती जनगणनेतल्या सगळ्या माणसांनी, तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत. एका त्याच वर्षाचा आकडा बाहेरून शिजून आला होता. शब्द तोच, दरडोई. डोया वेगळ्या. इतकी वर्षं ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती, आणि आज ती अण्णांनी स्वतः, इस्त्रीचा सदरा घालून, तिच्या ओंजळीत टाकली होती.

"तुमच्या तोंडात साखर पडो, अण्णा!" ती म्हणाली, आणि तिला हे शब्द इतके मनापासून कधी निघाल्याचं आठवत नव्हतं.

"पडेल की," अण्णा म्हणाले. "तू पडू दिलीस तर."

साहेब बिस्किटासकट खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी तिनं तोच भागाकार पुन्हा केला. साखर तीच, पण खाली या खेपेस सगळी माणसं. लग्न होऊन दोन घरांच्या मधे अडकलेल्या पोरी. कामासाठी गाव सोडून आलेले, कुणाच्या तरी खोलीत पथारी टाकून राहणारे. नुकती जन्मलेली बाळं. आठाचे झाले पावणेसात. रेघेचा खड्डा खाली खाली गेला. आजूबाजूच्या देशांचं त्या वर्षी जे झालं होतं त्याहून आपलं काही निराळं नव्हतं.

साहेबांनी रेघ पाहिली, गणित तपासलं, पुन्हा तपासलं. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "गणित बिनचूक आहे. पण... तुमचेच सासरे आहेत हो. घाई काय? पुढच्या वर्षी दुरुस्त करू."

"घरचं माणूस आहे म्हणून रांगेत शेवटी लावायचं, साहेब? तसं एकदा झालंय आमच्या घरात."

साहेबांनी सही केली.

नवऱ्याला मात्र हे सहन होईना. "कशाला उकरतेस? म्हातारं माणूस आहे."

"मी तेव्हा तरणी होते. तेव्हा म्हणालात का कुणी, 'तरणी पोर आहे' म्हणून?"

नवरा भला माणूस. तो गप्प बसला, जसा तेव्हा बसला होता.

पुस्तिका छापून आली. अण्णांना वाचायला दिसत नसे. रोजचा पेपरही सूनच वाचून दाखवायची. त्या सकाळी तिनं चहा पुढे ठेवला, तो रोजचा शब्द उच्चारला, समोर खुर्ची ओढून बसली आणि पुस्तिका उघडली. आवाज तिनं मुद्दाम सपाट ठेवला. सगळी साखर आवाजातून काढून घेतली म्हणा ना.

"टंचाईच्या वर्षी दरडोई पुरवठा, पावणेसात किलो. खाली टीप आहे. 'या वर्षीचा पूर्वीचा आठ किलोंचा आकडा केवळ कार्डावर नाव असलेल्यांचा होता. कार्डावर नाव नसलेल्या माणसांसह आकडा सुधारला आहे. नोंद केलेल्या पन्नास वर्षांतला हा सर्वांत कमी पुरवठा होय.'"

अण्णांचा हात कपाच्या कानाशी होता, तो तिथेच राहिला.

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. सावकाश. 'सर्वांत कमी' या शब्दांवर जरा जास्त वेळ थांबून.

"माझी आठवण छापलीय?"

"छापलीय. तुमचेच शब्द, 'दरडोई म्हणजे कार्डावरची डोई.' टिपेखाली."

खालच्या मजल्यावर शिंपिणीचं मशीन सुरू होऊन थांबलं. अण्णांनी फळीवरच्या रिकाम्या बरणीकडे पाहिलं. पट्टी त्यांना दिसत नव्हती, पण तिच्यावर काय लिहिलंय हे त्यांना ठाऊक होतं.

"या पावणेसातात तू आहेस?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"एकटीच?"

"लाखो आहेत, अण्णा. रांगेच्या शेवटी मी एकटीच होते असं वाटलं होतं तुम्हाला?"

"आणि तुझी आई?"

सुनेला हे अपेक्षित नव्हतं. इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता. तिनं पुस्तिका मिटली. "आई आठातही होती. तिचं कार्ड होतं. तिची साखर तिच्या घरी होती. तिनं बरोबर आणली नव्हती, इतकंच."

अण्णांनी मान हलवली. हो अशी की नाही अशी, ते कळलं नाही. मग त्यांनी कप उचलला. रोज ते तोंड वाकडं करून प्यायचे. आज त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "गोड आहे हो. तुझ्या हातचा गोडच लागतो."

सून जागच्या जागी थिजली. शब्द तेच होते. 'हो' वरचा हेलसुद्धा तोच. म्हणजे पेपरच्या आड बसून त्या दिवशी या माणसानं सगळं ऐकलं होतं, आणि इतकी वर्षं ते सांभाळून ठेवलं होतं. दाराशी आलेला नवरा तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला.

अण्णांनी कप संपवला. तळातला गाळसुद्धा. गालावरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. ते आपल्या गालावर आहे हेच बहुधा त्यांना माहीत नव्हतं.

तिला वाटलं होतं, हा क्षण आला की आपण मोठ्यानं हसू. हसू आलं नाही. पण दयाही आली नाही. ती इतक्या लवकर येणारी नव्हती. पोटात खोलवर काहीतरी भरून आल्यासारखं मात्र वाटलं, पोटभर जेवल्यावर वाटतं तसं. ती उठली आणि चहाचं भांडं घेऊन आली.

"अजून घालू?"

अण्णांनी दचकून वर पाहिलं. त्या चेहऱ्यावर, मिटत आलेल्या त्या डोळ्यांत, एखाद्या लहान पोराच्या डोळ्यांत येते तशी आशा आली. "साखर?"

"चहा," सून म्हणाली.